चाकं मोजायची राहिली

सम्राट हे लिहिणारच नव्हता. दोनदा मोबाइलवर चार-चार ओळी टाइप केल्या आणि दोनदा पुसल्या. कारण सरळ होतं. या गोष्टीत गाढव कोण हे फार वेळ लपून राहत नाही, आणि ते गाढव रोज सकाळ-संध्याकाळ कोडोलीच्या एका दूध संकलन केंद्रावर फॅट काढायला बसतं. अख्खं गाव त्याला तोंडानं ओळखतं. पण गावात ही गोष्ट आता ज्या थाटात फिरायला लागलीय, त्यात ट्रॉली देवळाच्या पायऱ्या चढते, प्रसादाच्या कढईत एक पाहुणा पडतो आणि सम्राट झाडावर बसून खुणा करत असतो. एवढं काही झालं नव्हतं. गाढवपणा झाला तेवढाच राहावा, त्यात कुणी वरनं पाणी घालू नये, म्हणून शेवटी लिहायला घेतलं.

सम्राटचं आणि मेकॅनिक्सचं वैर जुनं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात हा विषय त्याला तीनदा आडवा आला. पहिल्यांदा सत्तावीस मार्क पडले, दुसऱ्यांदा एकतीस, तिसऱ्यांदा एकोणीस. वडील म्हणाले, "काय न लिवता बसला असतास तरी इतकं पडलं असतं की." आणि खरा अभ्यास तर सम्राटनं तिसऱ्याच वेळी केला होता.

कॉलेज सुटलं. डेअरीचं काम लागलं. सकाळी सहा ते नऊ दूध, संध्याकाळी पाच ते आठ दूध, मधले आठ तास मोबाइल. असं दीड वर्ष गेलं.

मग एक दिवस राजनंदिनी केंद्राच्या कट्ट्यावर पुस्तक विसरून गेली. राजनंदिनी म्हणजे कृष्णातची धाकटी बहीण, वारणानगरला फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आणि कृष्णात म्हणजे सम्राटचा बालवाडीपासूनचा दोस्त, गेली सहा वर्षं उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पुस्तक क्लासिकल मेकॅनिक्सचं, विटेएवढं जाड, इंग्रजी. सम्राटनं ते उघडलं ते राजनंदिनीनं आत काय काय लिहिलंय हे बघायला. आत नुसती गणितं होती. पण पहिल्याच धड्यातलं एक वाक्य त्याला चक्क कळलं. एकच. पण एकतीस मार्कवाल्या माणसाला एक वाक्य कळणं म्हणजे काय, हे ज्याला कायम कळत आलंय त्याला नाही कळायचं.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी पुस्तक न्यायला आली तर हा म्हणाला, "आठ दिवस ठेवू का?"

"कशाला? वजनकाट्यावर ठेवायला?"

"वाचणाराय."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं सम्राट पाणी घातलेल्या दुधाकडं बघतो. पण पुस्तक ठेवलं.

आठ दिवसांचे सहा महिने झाले. दुपारी केंद्राचं शटर निम्मं ओढून, पंख्याखाली, मोबाइलवर कुठल्या कुठल्या मास्तरांचे व्हिडिओ लावून सम्राट शिकत राहिला. खरं सांगायचं तर निम्मं कळायचं नाही. लॅग्रांजियन म्हणजे गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची, हे पाठ झालं. वजाच का करायची हे विचारायला समोर कुणी नव्हतं, आणि व्हिडिओतला मास्तर तर फळा पुसून पुढं गेलेला असायचा. व्हर्च्युअल डिस्प्लेसमेंट मात्र त्याला लगेच जमलं. खरं न हलता हलल्यासारखं धरायचं. डिप्लोमा सुटल्यापासून तो दुसरं काय करत होता?

पण त्याचा जीव जडला तो डिग्री ऑफ फ्रीडमवर. एखादी वस्तू नेमकी कुठं आहे, कशी आहे, हे सांगायला कमीत कमी किती आकडे लागतात, तेवढ्या तिच्या मोकळिका. आणि त्या मोकळिकेला जे जे अडवतं ते कन्स्ट्रेंट. मोकळी म्हैस कुठंही जाईल, दाव्याला बांधलेली दाव्याएवढीच फिरेल. हे समजल्यावर सम्राटला जिकडंतिकडं मोकळिकाच दिसायला लागल्या. आई भाकरी थापताना तो दारात उभा राहून म्हणाला, "आये, परातीत भाकरीला तीन मोकळिका हायत. दोन सरकायच्या, एक फिरायची." आई म्हणाली, "आणि तुला एक हाय. बाहीर जायची."

या सगळ्यात त्याचं सगळ्यात लाडकं पान चाकाचं. चाक पुढं जातं, मागं जातं, पण आडवं सरकत नाही. म्हणजे अडवणूक झाली. पण गंमत अशी, की आडवं सरकता येत नसलं तरी पुढं-मागं, पुढं-मागं करत गाडी शेजारच्या जागेत नेऊन लावताच येते. अडवणूक चालण्यावर आहे, पोचण्यावर नाही. हे पान त्यानं चारदा वाचलं. आपल्याबद्दलच कुणीतरी लिहिलंय असं त्याला वाटलं, डोळ्यात पाणीबिणी यायला लागलं. तेवढ्यात संध्याकाळचे कॅन आले.

आता कृष्णातचं बघा.

कोडोलीच्या जत्रेत एक मंडळ ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्सची स्पर्धा घेतं. पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर नागमोडी पट्टा आखतात, दोन्ही कडेला पाण्यानं भरलेल्या बाटल्या मांडतात, आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्या पट्ट्यातनं उलटा न्यायचा. बाटली पडली की पाच सेकंद वाढले. ज्याचा वेळ कमी त्याला ढाल. ट्रॅक्टर-ट्रॉली मंडळाचीच, सगळ्यांना एकच. मागं खुणा करायला प्रत्येकाला एक माणूस उभा करता येतो.

मागच्या वर्षी कृष्णात हमखास जिंकणार होता. निम्मा पट्टा तर त्यानं असा पार केला की लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात माइकवरनं कोण तरी ओरडलं, "टायम बघा, टायम!" कृष्णात बिथरला, घाई केली, आणि ट्रॉलीचं ढुंगण थेट महाप्रसादाच्या मांडवात घुसलं. दोन बांबू मोडले, वरचं कापड खाली आलं आणि आमटीच्या पातेल्यावर पसरलं. माणसाला काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून कृष्णातचं नाव 'मांडव' पडलं. गावात कोण कृष्णात म्हणेना. कारखान्यावर वजनाच्या रांगेत उभा राहिला तरी मागनं हाक यायची, "ए मांडव, गाडी पुढं घे की!"

एवढ्यानं काही बिघडत नव्हतं. पण या फाल्गुनात कृष्णातचं लग्न ठरलं, चंदगडकडच्या स्वप्नालीशी. तिचे वडील केरबामामा म्हणजे चंदगड डेपोचे एसटी ड्रायव्हर, तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस, अपघात एकही नाही. त्यांनी पोरगी द्यायला होकार दिला तोच मुळी "जावई पण ड्रायव्हर हाय, हात चांगला हाय म्हणत्यात" एवढ्यावर. आणि रिवाजाप्रमाणं जत्रेला मटणाच्या जेवणाचं आवतण होणाऱ्या सोयऱ्यांना गेलेलं.

जत्रेच्या वीस दिवस आधी कृष्णात केंद्रावर आला आणि रिकाम्या कॅनवर बसला.

"सम्राट, मामा जत्रंला येनार हायत."

"मग बरं की."

"काय बरं, डोंबल! गावात शिरलं की पयल्या चौकात कोन तरी म्हननार, मांडवाचं सासरं आलं. तीस वरसं गाडी चालवलेला मानूस त्यो. इचारल, मांडव म्हंजे काय? मग सांगतील की लोकं, मीठमसाला लावून."

"तू सांग की आधीच."

"काय सांगू? तुमच्या पोरीला ज्याच्या हातात देताय, त्यानं आमटीत ट्रॉली घातली?" कृष्णातनं कॅनवर बुक्की मारली. "यंदा बाटली न पाडता पट्टा काढला न्हाय, तर ह्ये नाव मामाच्या कानावर जानार. काढला, तर लोकं नवं कायतरी बोलतील. मला दुसरं काय नगो. ढाल पन नगो."

एवढं ऐकून गप्प बसायचं होतं. धीर द्यायचा होता, चहा पाजायचा होता. पण सम्राटच्या डोक्यात सहा महिने साठलेलं सगळं एकदम वर आलं. त्यानं फॅटच्या नोंदीची वही उलटी केली आणि मागच्या पानावर पेनानं चित्र काढलं. एक चौकोन, ट्रॅक्टर. एक दांडी. दुसरा चौकोन, ट्रॉली. ट्रॉलीला मधोमध एक आस, दोन चाकं. हुबेहूब पुस्तकातल्यासारखं.

"ह्ये बघ. ट्रॅक्टर कुठं हाय ते सांगायला दोन आकडे. त्येचं तोंड कुठं हाय, एक कोन. ट्रॉलीचं तोंड कुठं हाय, दुसरा कोन. झालं. चार आकडे. तुझं सगळं दुखनं ह्या दुसऱ्या कोनात हाय."

"माझं दुखनं सासऱ्यात हाय."

"ऐक की! मागं घेताना ह्यो कोन वाढतोय. जरा वाढला की आनी वाढतोय. म्हनून ट्रॉली दुमडती. आपन आधीच हिशोब करून ठेवायचा, किती कोनाला किती स्टेअरिंग. मी मागं हुबा ऱ्हातो, हातानं खुणा करतो. तू डोकं वापरायचंच न्हाय."

कृष्णात चित्राकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं जे विचारलं ते सम्राटला आजही रात्रंदिवस ऐकू येतं.

"पन मर्दा, मंडळाची ट्रॉली चारचाकी असती. पुढची दोन चाकं दांडीसंगं वळत्यात. तू तर दोनच चाकं काढल्यास."

आणि सम्राट, डिप्लोमा नापास, वय चोवीस, पेन कानावर ठेवून म्हणाला, "चाकं किती का असंनात. कन्स्ट्रेंट एकच असतोय. चाक आडवं सरकत न्हाय. दोन असली काय आनी चार असली काय, तेच. तू ड्रायव्हर हायस, तुला वरवरचं दिसतंय."

वरवरचं. उसाच्या पट्ट्यात जन्मलेला माणूस हे बोलला. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत दर दहा मिनिटाला ज्याच्या दारासमोरनं चारचाकी ट्रॉली जाते, ज्यानं लहानपणी त्याच ट्रॉल्यांच्या मागं पळून ऊस ओढलेत, त्या माणसानं जन्मात एकदाही पुढच्या चाकांकडं नीट बघितलं नव्हतं. पुस्तकातल्या चित्रात ती नव्हती, म्हणून जगात पण नव्हती.

कृष्णातनं मान डोलावली. मागच्या वर्षी स्वतःच्या हातावर विसंबून तो आमटीत गेला होता. शिकलेला दोस्त म्हणतोय तर असेल, असं त्याला वाटलं. गावात सम्राटला शिकलेला म्हणणारा तेवढा एकच माणूस होता.

सराव सुरू झाला. ऊस तुटून गेलेल्या रानात, सकाळचं दूध आटपलं की. हंगाम संपल्यामुळं कृष्णातच्या ट्रॅक्टरमालकानं चारचाकी ट्रॉल्या टायरं काढून विटांवर चढवून ठेवलेल्या. म्हणून शेणखत वाहायची दोनचाकी ट्रॉली मिळाली. सम्राटच्या दृष्टीनं काही फरक नव्हताच. त्यानं टेपनं दांडी मोजली, आस मोजला, आणि वहीत तक्ता केला. ट्रॉलीचं ढुंगण डावीकडं न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडं, उजवीकडं न्यायचं तर डावीकडं. इतक्या कोनाला इतकं. उजवा हात वर म्हणजे स्टेअरिंग उजवीकडं, डावा हात वर म्हणजे डावीकडं, दोन्ही म्हणजे सरळ.

पहिल्या दिवशी सगळं उलटसुलट झालं. कृष्णातचे हात आपोआप भलतीकडंच वळायचे. "सहा वरसं चारचाकी मागं घेतोय रं," तो कळवळून सांगायचा, "हाताला तीच सवं हाय."

"ती सवयच मोडायची हाय आपल्याला!" सम्राट मागनं ओरडायचा.

आणि मोडली. पंधरा दिवसात सम्राटनं कृष्णातच्या हातातली सहा वर्षांची सवय धुऊन काढली. शेवटच्या दोन दिवसांत तर ट्रॉली नुसती लोण्यासारखी मागं जायची. विटा मांडून केलेल्या पट्ट्यातनं सोळा वेळा, एक वीट हलली नाही. सम्राट इतका फुगला की त्यानं राजनंदिनीला बघायला बोलावलं.

ती बांधावर उभी राहून एक फेरी बघत राहिली. मग म्हणाली, "भारी हाय. पण सर, आकृती गाडी बघून काढल्यासा का पुस्तक बघून?"

"तुमच्याच पुस्तकातली हाय."

"तेच म्हंते," ती म्हणाली आणि बसला उशीर होतो म्हणून निघून गेली. सम्राटला वाटलं जळती.

जत्रेचा दिवस. ऊन असं की पट्ट्यावरची फक्की डोळ्यात खुपत होती. अकरा जण स्पर्धेला. माइकवर आकारामतात्या, मंडळाचे अध्यक्ष, गेल्या वर्षी ज्यांची आमटी गेली ते. पट्ट्याच्या शेवटाला एका अंगाला पाहुण्यांचा मांडव घातलेला, आणि पहिल्याच रांगेत केरबामामा, पांढरा शर्ट, टोपी, मांडीवर चंदगडच्या काजूंची पिशवी. ती अजून कुणाकडं द्यायची त्यांना कळलं नव्हतं.

तोवर सगळं नशिबानं चाललं होतं. कृष्णातनं मामांना गाडीतनं थेट मागच्या वाटेनं घरी आणि घरातनं थेट मांडवात आणलं होतं. चौक चुकवला होता. राजनंदिनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पहाऱ्याला.

सहावा नंबर कृष्णातचा. सम्राट ट्रॉलीच्या मागं जाऊन उभा राहिला. हातात वही, कानावर पेन. मंडळाची ट्रॉली निळी, चारचाकी, मागच्या पत्र्याच्या फाळक्यावर नवा रंग. सम्राटला ती फक्त लांबीला जरा मोठी वाटली.

शिट्टी झाली. सरळ भाग होता तोवर झकास. मग पट्टा डावीकडं वळला. सम्राटनं तक्त्याप्रमाणं उजवा हात वर केला. कृष्णातनं स्टेअरिंग उजवीकडं घेतलं.

ट्रॉली उजवीकडं गेली.

सम्राटला वाटलं, कमी पडलं. हात अजून उंच केला. कृष्णातनं अजून घेतलं. ट्रॉली अजून उजवीकडं गेली. दोन बाटल्या आडव्या झाल्या, तिसरी चाकाखाली फट्ट करून फुटली. सम्राटनं वहीत बघितलं. वहीत सगळं बरोबर होतं. मग त्यानं हात पुरता ताणून, टाचा उचलून, बोटं फाकवून असा वर केला, जसं शाळेत उत्तर येत असलेलं पोरगं करतं. कृष्णातनं शेवटपर्यंत वळवलं. निळा फाळका पट्टा सोडून पाहुण्यांच्या मांडवाकडं वळला.

"मांडव! मांडव! मांडव!" सगळं मैदान ओरडायला लागलं. कोण सावध करायला, कोण जुन्या आठवणीनं, कोण नुसता मजेनं.

माणसं खुर्च्या टाकून उठली. केरबामामा मात्र पळाले नाहीत. ते काजूची पिशवी राजनंदिनीच्या हातात देऊन पुढं आले, आणि मागं येणाऱ्या ट्रॉलीच्या फाळक्यावर त्यांनी तळहातानं एकदाच थाप मारली. धाप! एसटी मागं घेताना कंडक्टर पत्र्यावर मारतो तशी. ती थाप म्हणजे थांब. कुठल्याही ड्रायव्हरला ती कळते. कृष्णातचा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी जागेवर थांबली. फाळका आणि मांडवाचा बांबू यांच्यात एक वीत अंतर.

 मामा सम्राटकडं वळले. त्यांनी त्याची वही बघितली, कानावरचं पेन बघितलं, अजून वरच असलेला हात बघितला.

"पावणं, हात खाली घ्या," ते म्हणाले. "आनी ह्ये सगळी मांडव मांडव म्हनून कुनाला ओरडाय लागल्यात? मघाधरनं ऐकतोय."

राजनंदिनीनं डोळे मिटून घेतले. ट्रॅक्टरवर कृष्णात मागं वळून बघत होता, आणि त्याचं तोंड मागच्या वर्षीच्या आमटीसारखं पातळ झालेलं. दोनशे माणसं उत्तर द्यायला टपलेली.

सहा महिन्यांत सम्राटला पहिल्यांदाच एखादं उत्तर वही न बघता आलं.

"मला," तो म्हणाला. "मला म्हनत्यात मांडव."

"तुमाला? का?"

"मी असल्या खुणा करतोय म्हनून. मागच्या वर्षी बी एक गाडी अशीच मांडवात घातल्ती." मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ड्रायव्हरची काय चूक न्हाय, मामा. त्यो म्या दाखवीन तसं वळवत हुता. चाकं मोजायची माझी राहिली."

 आता एक जरी माणूस 'खोटं!' म्हणाला असता, तर संपलं असतं. मग भोंग्यातनं आकारामतात्यांचा आवाज आला. तात्या वर्षभर आमटीवरनं कृष्णातला टोचत आलेला माणूस, पण सोयरे बसलेत हे त्यांनाही दिसत होतं.

"ए मांडव! वही घेऊन बाजूला हो! आनी कृष्णातला गाडी चालवू दे!"

वर्षभरात पहिल्यांदाच भोंग्यातनं 'कृष्णात' ऐकू आलं. गाव खदखदून हसलं. सम्राट बाजूला झाला. बाजूला होताना एका बाटलीला त्याचाच पाय लागला आणि ती पडली. ती मोजणार नाही, असं तात्यांनी माइकवरनंच जाहीर केलं.

कृष्णातनं गाडी पुढं घेतली, पट्ट्यावर सरळ केली. मग स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ तसाच बसला. सम्राटला कळलं, की हा आता पंधरा दिवसांचं शिकलेलं विसरायचा प्रयत्न करतोय. आणि मग ट्रॉली निघाली. मागं, डावीकडं. कृष्णातनं स्टेअरिंग डावीकडंच घेतलं होतं. हळू गेली, एकदा चुकली, पुढं घेतली, परत मागं. पण गेली. पुढं एकही बाटली पडली नाही. केरबामामा कडेनं चालत होते, हात पाठीमागं बांधून. 

नंबर नववा आला. ढाल पलीकडच्या वाडीला गेली.

जेवताना मामांनी कृष्णातच्या ताटात स्वतःच्या हातानं मटणाची एक वाढीव फोड टाकली आणि म्हणाले, "चुकतंय सगळ्यांचं. थापेला थांबलास, तिथं मला कळालं हात कसला हाय." मग सम्राटकडं वळून, "पांढरा रस्सा घ्या की, मांडव." त्यांनी ते इतक्या आदरानं म्हटलं, की सम्राटला घ्यावाच लागला. काजूची पिशवीही शेवटी त्यालाच मिळाली. बिचारा, नाव असं पडलंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध आटपल्यावर, कृष्णातनं त्याला मालकाच्या गोठ्यामागं नेलं. विटांवर चढवलेली चारचाकी ट्रॉली तिथं उभी होती. "वाक," कृष्णात म्हणाला.

सम्राट वाकला. मग गुडघ्यावर बसला, मग सरळ पाठीवर पडून आत सरकला. शर्टाला ग्रीस लागलं. वर बघितलं, तर पुढचा आस ट्रॉलीला पक्का नव्हताच. एका मोठ्या गोल चकतीवर बसलेला, दांडीला जोडलेला. कृष्णातनं बाहेरनं दांडी हलवली, तर अख्खा आस सम्राटच्या नाकासमोरनं फिरला.

"फिरला का?"

"फिरला."

"किती वरसं फिरतोय म्हाईत हाय? तुझ्या जल्माच्या आधीपास्नं."

सम्राट खाली पडल्या-पडल्याच हिशोब करायला लागला. ट्रॅक्टरचा एक कोन. दांडीचा दुसरा. ट्रॉलीचा तिसरा. म्हणजे चार नाही, पाच आकडे. एकाच्या मागं एक अशा दोन ट्रॉल्या जोडल्यासारखंच हे, त्यातली पहिली नुसती दांडीएवढी. पहिली उलटी वळते, दुसरी त्याच्या उलट, म्हणजे सरतेशेवटी स्टेअरिंग वळेल तिकडंच. कृष्णातचे हात पहिल्या दिवसापासून बरोबर होते. त्यानं तर तोंडानं सांगितलं पण होतं, कॅनवर बसून. त्या हातांना न आलेलं एकच, हे कागदावर मांडणं. आणि ज्याला मांडता येत होतं त्यानं ऐकलं नव्हतं.

"तीन कोन हायत," तो ट्रॉलीखालनं म्हणाला.

"राजनंदिनीनं कालच सांगिटलं मला. म्हनाली, सर स्वतः शोधतील, सांगू नको." कृष्णात हसला आणि विटांना टेकून खाली बसला.  "सम्राट, नाव का घेतलंस रं आंगावर?"

"मोकळं हुतं म्हनून."

"खरं सांग की."

"तू मला शिकलेला म्हनतोस," सम्राट म्हणाला. त्याला हे तोंडावर म्हणता आलं नसतं. ट्रॉलीखाली अंधार होता म्हणून जमलं. "तेवढा एकच मानूस हायस. तुझं नाव खराब झालं असतं, तर माझं शिकनं पन तिथंच मेलं असतं."

कृष्णातनं ट्रॉलीखाली हात घातला आणि त्याचा पाय धरून त्याला बाहेर ओढला. उजेडात दोघंही एकमेकांकडं बघायचं टाळत होते.

"शिकायचं सोडशील आता?"

"न्हाय."

"मग एक शब्द दे. पुस्तक वाच, वही भर, गावाच्या मोकळिका मोज, कायबी कर. पन ज्याची आकृती काढशील, त्येच्याखाली आधी वाकून बघायचं. आनी ती गाडी चालवनारा मानूस कायतरी सांगाय लागला, तर पेन खाली ठेवून ऐकायचं. पुरतं ऐकायचं."

सम्राटनं कानावरचं पेन काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. खिसा ग्रीसनं काळा झालेला.

"दिला," तो म्हणाला. "आधी वाकीन. आनी तुझं ऐकल्याबिगर एक रेघ काढनार न्हाय."